गोळी चढते, गोळी उतरते, प्रमाणपत्राचे काय?

कंपवात झालेल्या माणसाला आपल्याकडे ‘वय झाले’ म्हणून खाटेवर टाकून दिले जाते. वस्तुतः हा वयाचा नव्हे, मेंदूचा आजार आहे. हालचालींवर ताबा ठेवणारे डोपामाइन हे रसायन ज्या पेशी तयार करतात, त्या मरत जातात. मग शरीर ताठरते, हात थरथरतात, पाऊल उचलत नाही. डोपामाइन थेट द्यावे तर ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. म्हणून त्याचा कच्चा माल, म्हणजे लेव्होडोपा देतात. मेंदूत पोचल्यावर त्याचे डोपामाइन होते. सोबतचे कार्बिडोपा त्याची वाटेतली नासाडी रोखते आणि मळमळही कमी करते. 1967 साली अमेरिकेत जॉर्ज कोत्झियास यांनी डोपाची मात्रा हळूहळू वाढवत नेऊन गुण दाखवला. पेशींचे मरणे मात्र या औषधाने थांबत नाही.

गोळीचा अंमल काही तासांचाच. आजार जुना झाला की तो काळही आखडतो. गोळी चढली की माणूस चालतो, उतरली की उंबऱ्यातच खिळतो. ती एकाएकी बंद पडली तर तीव्र ताप व ताठरता येऊन जिवावर बेतू शकते. अशा रुग्णाला ‘साठा संपला, पुढच्या आठवड्यात या’ असे सांगणाऱ्या खिडकीला हे ठाऊक असते काय?

हे औषध 2022 च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये हा आजार नावानिशी आहे. त्याच कायद्याचे कलम 24 मोफत औषधांच्या योजना करण्यास सरकारला सांगते. पण ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ आणि उत्पन्नाची अट घालून. कायद्याला अशी शेपटी दिसली की आम्ही वकील मंडळी सावध होतो. वाट अडवायला तेवढी पुरते.

दुसरी अडचण प्रमाणपत्राची. अनेक सवलतींना 40 टक्के दिव्यांगत्व लागते. सकाळची गोळी घेऊन आलेला रुग्ण तपासणीच्या टेबलापर्यंत चालत जाईल आणि धडधाकट ठरेल. तीन तासांनी तोच माणूस शर्टाचे बटण लावू शकणार नाही, ते कोण पाहणार? तपासणीच्या कागदावर शेवटची गोळी किती वाजता घेतली याची नोंद व्हावी आणि अंमल उतरल्यावर पुन्हा तपासणी व्हावी, अशी आमची मागणी आहे. तोवर नातेवाइकांनी गोळ्यांच्या वेळा आणि अडखळण्याच्या वेळा वहीत लिहून ठेवाव्यात, डॉक्टरांची सही घ्यावी आणि ती वही अर्जाला जोडावी.