विकला तो संगणक; विश्वास नव्हे!

जुने घर विकत घेतल्यावर माळ्यावर आधीच्या मालकाची पत्रांची ट्रंक सापडली, तर सुसंस्कृत मनुष्य ती वाचत बसत नाही. जुन्या संगणकाच्या बाबतीत मात्र हा विवेक सहज विसरला जातो. हार्ड डिस्कवर कुणाची छायाचित्रे, बँकेचे हिशेब सापडले की 'पैसे मोजले आहेत, आता सारे माझेच' असा युक्तिवाद केला जातो.

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेतील एमआयटीचे संशोधक सिमसन गारफिंकेल व अभि शेलाट यांनी २००० ते २००२ या काळात १५८ जुन्या हार्ड डिस्क मिळवून तपासल्या. चालू स्थितीतील १२९ पैकी अवघ्या १२ नीट पुसलेल्या होत्या. उरलेल्यांतून पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्ड क्रमांक, वैद्यकीय नोंदी आणि खासगी ई-मेल हाती लागले. कारण साधे आहे. फाइल 'डिलीट' केली की बहुधा तिचा पत्ता पुसला जातो, मजकूर तसाच राहतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घेतलेल्या जुन्या यंत्रातही हेच घडू शकते.

परंतु विकणाऱ्याचे अज्ञान ही घेणाऱ्याला मिळालेली सनद नव्हे. सौदा यंत्राचा झाला, कुणाच्या खासगी आयुष्याचा नाही. दवाखान्यातील संगणकावरच्या नोंदी तर रुग्णांनी विश्वासाने सोपविलेली ठेव असते. ती विकण्याचा अधिकार डॉक्टरांनाही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. तथापि, बंद खोलीत पडद्यासमोर एकटे बसलेल्या माणसापाशी कायदा क्वचितच पोहोचतो. तेथे पहारा असतो तो सद्सद्विवेकबुद्धीचा.

मग कर्तव्य कोणते? सापडलेले चाळू नये, त्याची प्रत काढू नये, चारचौघांत त्याची चर्चा करू नये. विकणारा ठाऊक असल्यास त्याला कळवावे. अन्यथा संपूर्ण डिस्क पुसून टाकावी. बालकांच्या शोषणासारख्या गंभीर गुन्ह्याचा पुरावा दिसल्यास मात्र काहीही न पुसता थेट पोलिसांकडे जावे. विकणाऱ्यानेही डिस्क पूर्णपणे पुसल्याखेरीज यंत्र घराबाहेर जाऊ देऊ नये. मुलांना संगणक शिकविणाऱ्या पालकांनी दार उघडे दिसले तरी परवानगीवाचून आत जायचे नसते, हा संस्कारही त्यांना द्यावयास हवा.