फॉरमॅट मारू का?

आधीच सांगतो, मी कॉन्व्हेंटचा. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. पण हे मराठीतच लिहायचं होतं, कारण होस्टेलमधला सगळ्यात महाग सल्ला मराठीतच मिळतो : "फॉरमॅट मार ना!"

पेन ड्राइव्ह दिसत नाही? फॉरमॅट. हार्ड डिस्क उघडत नाही? फॉरमॅट. (मेसची भाजी बिघडली तरी कुणीतरी हेच म्हणेल.)

गेल्या वर्षी मी तो सल्ला ऐकला. विंडोजने विचारलं, फॉरमॅट करायचं का? मी 'येस' दाबलं. त्या डिस्कवर आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या, दहावीच्या सुट्टीत रेकॉर्ड केलेल्या. आजी आता नाही. नंतर कळलं, क्विक फॉरमॅटने हार्ड डिस्कवरचा डेटा लगेच पुसला जात नाही, फक्त कुठे काय आहे याची यादी नवी होते. तिथेच थांबलो असतो तर बरंच काही परत मिळालं असतं. पण मी त्यावर लगेच पिक्चर कॉपी केले होते!

या सेमिस्टरला शेजारच्या रूममधला मित्र रात्री दीड वाजता रडवेला होऊन आला. सकाळी प्रोजेक्टची व्हायवा आणि एक्स्टर्नल डिस्क नुसती टिकटिक करतेय. अख्खी विंग जमली, तोच सल्ला सुरू. मी म्हटलं, कोणी हात लावायचा नाही. डिस्क कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला, लांब केबलने लावली होती. यूएसबी २.० चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, ३.० चं ९००. डिस्क फिरायला लागतानाच जास्त करंट मागते. आखूड केबलने मागच्या ३.० पोर्टला लावली, टिकटिक बंद. (तरीही चालू राहिली असती, तर काढून ठेवायची. मग आपले प्रयोग नकोत.) तरी ड्राइव्ह दिसेना. डिस्क मॅनेजमेंट उघडलं, तर पार्टिशन ठणठणीत, फक्त त्याला अक्षर नव्हतं. अक्षर दिलं, प्रोजेक्ट हजर.

आतल्या डिस्कचंही तेच. आधी बायोसमध्ये दिसते का बघा. तिथेच नसेल तर केबल, पोर्ट, पॉवर तपासा. तिथे असेल तर भांडण बहुतेक वेळा विंडोजशी. काही मदरबोर्डवर एम.२ स्लॉट भरला की साटाचं एखादं पोर्ट आपोआप बंद होतं. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, पण वाचतो कोण!

आता सर-मॅडमना थोडं. पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये कानस घासून आमचे हात सोलले, तक्रार नाही. पण साटाच्या डेटा केबलला ७ पिना आणि पॉवरला १५, हे पेपरात लिहिणाऱ्या आमच्यातल्या कितीजणांनी ती केबल हातात धरलीय? लॅबमधल्या कॅबिनेटला हात लावला की ओरडा बसतो. बिघडलं की दुकानात न्या, आणि दुकानदारही पहिलं काय विचारतो? "फॉरमॅट मारू का?"

जिन्याखाली जुने पीसी धूळ खात पडलेत. त्यातले दोन आम्हाला उघडायला द्या. शनिवारी दुपारी येतो, स्क्रू ड्रायव्हर आमचे.