सुया टोचा, पण थापा मारू नका

आमच्या गल्लीच्या तोंडाशी महिनाभर एक फ्लेक्स लागलाय. ॲक्युपंक्चरचा. गुडघेदुखी, कंबरदुखी, मायग्रेन... इथवर ठीक. पुढे शुगर, थायरॉईड, मुतखडा, वंध्यत्व, मुलांची उंची. खाली जाड अक्षरात, "गोळ्या कायमच्या बंद!" आणि कोपऱ्यात डॉ. कोटणीसांचा फोटो.

हे बघून माझी सटकते. ॲक्युपंक्चरवर राग आहे म्हणून नाही, उलट. माझ्या आईचा गुडघा दोन वर्षं दुखत होता. पेनकिलरने पोट बिघडलं म्हणून दहा सिटिंग्ज केली. आता ती जिना चढते, कठड्याला धरून का होईना. गुडघा नवा झालेला नाही, दुखणं कमी झालंय. आणि तिला सुया लावणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "काकू, बीपीची गोळी सोडायची नाही हं."

शेजारचे काका मात्र फ्लेक्सवाल्यांकडे गेले. त्यांना शुगरच्या गोळ्या थांबवायला सांगितल्या. तीन आठवड्यांनी शुगर चारशेच्या वर, पायाची जखम चिघळलेली. पायाचं एक बोट काढावं लागलं. काका अजून म्हणतात, "माझंच चुकलं." कसं काय चुकलं? फ्लेक्स काकांनी लावला होता का?

बरं, सुया खरंच किती उपयोगी? जर्मनीत कंबरदुखीच्या 1,162 रुग्णांवर मोठी चाचणी झाली, 2007 साली निकाल आला. सहा महिन्यांनंतर नेहमीच्या उपचारांनी 27.4 टक्के लोकांना फरक पडला, तर बिंदू बघून सुया टोचलेल्यांपैकी 47.6 टक्के लोकांना. म्हणजे फायदा झाला. पण बिंदू सोडून भलतीकडेच, वरवर टोचलेल्या गटातही 44.2 टक्के लोकांना बरं वाटलं! "सगळं थोतांड" म्हणणाऱ्यांनी पहिले दोन आकडे वाचावेत, "पाच हजार वर्षांचं विज्ञान" म्हणणाऱ्यांनी तिसरा. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2016 मध्ये कंबरदुखीच्या यादीतून ॲक्युपंक्चर काढलं, आणि 2021 मध्ये जुनाट वेदनांच्या एका प्रकारासाठी मर्यादित स्वरूपात सुचवलं. मायग्रेनचे झटके कमी होण्याबाबत पुरावा बरा आहे, केमोनंतरच्या मळमळीबाबतही आहे. एवढी शिदोरी एका उपचाराला कमी आहे का? त्यात मधुमेह कशाला कोंबता?

कोटणीसांचं म्हणाल तर सोलापूरचा हा माणूस सर्जन होता. 1938 ला चीनला गेला, युद्धात जखमी सैनिकांची ऑपरेशन्स करत राहिला, 1942 ला तिथेच वारला. भारतात ॲक्युपंक्चर रुजवलं ते त्यांच्याच पथकातल्या डॉ. विजयकुमार बसूंनी, 1959 मध्ये चीनहून शिकून येऊन. कोटणीसांना फ्लेक्सवर चिकटवण्याआधी निदान एवढं तरी वाचा राव.

महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी 2015 चा स्वतंत्र कायदा आहे, नोंदणी आहे. चांगलंच आहे. पण नोंदणी म्हणजे वाट्टेल ती जाहिरात करायचा परवाना नव्हे. 1954 चा आक्षेपार्ह जाहिरातींचा केंद्रीय कायदा काढून बघा. ज्या आजारांवर इलाजाची जाहिरात करता येत नाही त्या यादीत मधुमेह आहे, मुतखडा आहे, स्त्रियांचं वंध्यत्व आहे आणि चक्क माणसाची उंचीसुद्धा आहे! आमच्या फ्लेक्सने जणू ती यादीच समोर ठेवून मजकूर लिहिलाय. "सुई म्हणजे औषध नाही" ही पळवाटही चालू नये, कारण त्या कायद्यातल्या 'औषध' या शब्दात शरीराच्या कार्यावर परिणाम करण्यासाठी वापरलेली वस्तूही येते.

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. नोंदणी क्रमांक विचारा. सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला लावा, वापरलेली सुई पुन्हा नको, कावीळ बी रक्तातून पसरते. छातीवर, खांद्यावर खोल टोचत असतील तर जास्तच सावध, फुफ्फुसाला भोक पडल्याच्या घटना झालेल्या आहेत. आणि गोळी थांबवा म्हणाले की चप्पल घालून बाहेर या.

फ्लेक्सचे फोटो काढलेत. तक्रार लिहून तयार आहे, उद्या देणार. पहिली सही काकांची आहे.