नरक्या डोंगरावर राहू दे

कोयना, राधानगरी, आंबोलीच्या रानात नरक्या नावाचं एक झाड आहे. फार उंच नाही. फुलांना वास असा की वाटसरू नाकाला रुमाल लावूनच पुढे जातो. त्याच्या जुन्या शास्त्रीय नावातही दुर्गंधी या अर्थाचा शब्द होता. कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेलं हे झाड. पण त्याच्या लाकडात कॅम्प्टोथेसिन आहे हे कळलं आणि कुऱ्हाडी डोंगर चढल्या.

कॅम्प्टोथेसिनची ओळख जगाला १९६६ साली झाली, ती एका चिनी झाडातून. अमेरिकेत मन्रो वॉल यांच्या जोडीने ते शोधणारे मनसुख वाणी मूळ आपल्या नंदुरबारचे. पुढे १९७२ मध्ये हेच द्रव्य नरक्यातही सापडलं. त्यापासून बनलेली टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधं आज अंडाशयाच्या आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर दिली जातात. कुणाची आई त्यामुळे आणखी चार दिवाळ्या बघते. म्हणून औषध नको असं मी कधीच म्हणणार नाही.

पण हिशेब मांडून बघा. वाळलेल्या लाकडात हे द्रव्य ढोबळमानाने शेकडा ०.१ ते ०.३ एवढंच. ०.२ धरलं तरी एका किलोसाठी ५०० किलो वाळलं लाकूड लागतं. मुळांतही ते असतं, त्यामुळे खोड तोडून थांबत नाहीत, मुळासकट उपटतात. बुंधा राहिला असता तर धुमारे फुटले असते. खड्ड्यातून काय फुटणार?

यावर उपाय आहे, आणि तो मी हाताने करून पाहिला आहे. नरक्याचं बी रुजायला वेळ घेतं, म्हणून आम्ही बियांतले गर्भ आणि कोवळ्या फांद्यांचे डोळे ऊतीसंवर्धनाच्या बाटल्यांत लावले. पहिल्या खेपेला जवळजवळ सगळ्या बाटल्यांवर पांढरी बुरशी चढली. रानातलं झाड रानातली बुरशी घेऊनच येतं. पुन्हा धुतलं, पुन्हा लावलं. एका सकाळी अगारवर नखाएवढं हिरवं पान उघडलेलं दिसलं, तेव्हा प्रयोगशाळेतली पोरं एकमेकांना हाका मारत होती.

पण नुसती रोपं करून भागत नाही, मोजावं लागतं. एका झाडात हे द्रव्य भरपूर, शेजारच्यात जेमतेम, असं सर्रास आढळतं. त्यासाठी झाड पाडावं लागत नाही. अंगठ्याएवढा सालीचा तुकडा वाळवून, पूड करून मिथेनॉलमध्ये भिजवायचा. अर्काचा ठिपका अतिनील दिव्याखाली धरला की निळा उजळतो. किती आहे ते एचपीएलसी यंत्र सांगतं. ज्याचा आकडा मोठा, ते मातृवृक्ष.

बाटलीतल्या पेशींच्या गोळ्यांत मात्र हे द्रव्य फारच कमी उतरतं. म्हणून औषध बाटलीतून काढायच्या नादी लागू नये. बाटलीत रोप करावं, ते सावलीत सरावलं की बांधावर आणि पडीक वरकस जमिनीत लावावं. कापणी तिथे होऊ दे, तीही बुंधा राखून. आणि एकाच झाडाच्या हजार प्रती नकोत, एका रोगात सगळं जाईल. कोयनेचं, आंबोलीचं, राधानगरीचं, प्रत्येक रानाचं बियाणं वेगळं जपलं पाहिजे.

जळगावच्या शेतकऱ्याला केळीचं टिश्यू कल्चर शिकवावं लागत नाही. ते ज्ञान आपल्याकडे आहे, यंत्रंही आहेत. कितीतरी महाविद्यालयांत ऊतीसंवर्धनासाठीचा लॅमिनार फ्लो परीक्षेपुरता चालू होतो. तो वर्षभर चालू ठेवा. वनस्पतिशास्त्राच्या प्रकल्पाला दरवर्षी तीच तुळस आणि तोच कोरफडीचा अर्क पुरे झाला. वनखात्याची रीतसर परवानगी घ्या आणि नरक्या हातात घ्या. औषध कंपन्यांनो, ढलप्यांचं पोतं दारात आलं की कुठल्या डोंगरातून आलं ते विचारा. लागवडीचं नसेल तर परत पाठवा. आणि घाटमाथ्यावरच्या मंडळींनो, रात्री टेम्पो भरताना दिसला तर गप्प बसू नका, वनरक्षकाला फोन लावा. किलोमागे चार पैसे देणारा माणूस उद्या येणार नाही, पण झाड तुमच्या डोंगरातलं गेलेलं असेल.

पाऊस सरला की नरक्याची फळं जांभळी-काळी होतात. ती गळायच्या आत प्रत्येक तालुक्यातल्या निदान दहा झाडांवर नंबर पडू द्या, आणि त्यांच्या सालीचा आकडा वहीत लिहिला जाऊ द्या.