सेवा करणाऱ्यांनी मन कुठे मोकळं करायचं?

मैत्रिणींनो, आज आपल्या घराघरांत कोणी डॉक्टर आहे, कोणी नर्स, कोणी समुपदेशक, कोणी विशेष मुलांची शिक्षिका. लेक किंवा सून बारा तासांची ड्यूटी करून येते आणि "काय झालं गं?" विचारलं की "काही नाही, दमलेय" म्हणून खोलीत जाते. आपण गरम पोळी वाढतो. अंगाचा शीण त्याने जातो, मनाचा नाही.

"मग घरच्यांशी बोलावं की!" असं आपल्याला वाटतं. पण रुग्णाची गोष्ट घरी सांगता येत नाही, तो विश्वासाचा प्रश्न असतो. आणि सांगितलीच तर आपण घाबरतो, नाहीतर लगेच सल्ला देतो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की या लोकांना आपल्यासारखंच काम करणाऱ्यांचा एक गट हवा, आणि तोही कामाच्या वेळेत.

ही कल्पना नवी नाही. १९५० च्या दशकात लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये मायकेल बालिंट आणि त्यांच्या पत्नी एनिड यांनी फॅमिली डॉक्टरांचे असे गट सुरू केले. आजही ते 'बालिंट गट' म्हणून ओळखले जातात. आठ-दहा जण आणि एक प्रशिक्षित मार्गदर्शक असतो. एकजण मनातून जात नसलेल्या एखाद्या रुग्णाबद्दल सांगतो आणि मग गप्प बसून ऐकतो. बाकीचे त्या रुग्णाच्या आणि डॉक्टरच्या जागी स्वतःला ठेवून काय वाटलं ते बोलतात. उपदेश नाही, चूक कोणाची याची चौकशी नाही आणि तिथलं बोलणं बाहेर जात नाही. चहाच्या वेळच्या कुरकुरीत आणि यात हाच फरक आहे. "असं मलाच होतं असं नाही" हे कळलं की अर्धं ओझं तिथेच उतरतं.

हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये 'बर्नआउट'वर लिहिलं, तेही मोफत दवाखान्यात राबणाऱ्या लोकांना पाहूनच. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याचा संबंध थेट कामाच्या ठिकाणच्या ताणाशी जोडला. म्हणजे "तिचं मनच हळवं" म्हणून आपण तिला दोष देतो, ते बरोबर नाही.

दोन गोष्टी मात्र ठामपणे सांगते. एक, वरिष्ठ समोर बसले असतील तर कोणी खरं बोलणार नाही. दुसरी, एका नर्सवर दुप्पट रुग्ण टाकायचे आणि महिन्यातून एकदा गटात बसवायचं, ही नुसती फुंकर झाली. माणसंही पुरेशी हवीत, रजाही मिळायला हवी. आणि कोणाची झोपच उडाली असेल, जीव नकोसा झाला असेल, तर गटाची वाट न पाहता मनोविकारतज्ज्ञांकडे जावं. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो.

आपल्याकडे वैयावृत्त्य हे तप मानलं आहे. मग सेवा करणाऱ्याची काळजी घेणं त्यात का येऊ नये? आपल्या समाजाचे कितीतरी दवाखाने ट्रस्टवर चालतात. महिला मंडळं यंत्रासाठी, खाटांसाठी देणगी गोळा करतात आणि भिंतीवर पाटी लागते. पुढच्या बैठकीत एवढंच विचारा की तिथे काम करणाऱ्यांना पंधरा दिवसांतून एक तास असा मिळतो का, आणि मार्गदर्शकाचं मानधन आपण देऊ का? या देणगीची पाटी लागणार नाही. पण रात्रपाळीला येणाऱ्या नर्सचा चेहरा थोडा हलका दिसेल, आणि त्याचा फायदा खाटेवरच्या माणसालाच होईल.