छापील किमतीहून महाग पाणी

तालुक्याच्या गावातील फास्ट फूडच्या उपाहारगृहात रविवारी संध्याकाळी पाण्याचा जग बहुधा रिकामाच असतो. मग छापील किमतीहून दहा रुपये जास्त मोजून बाटली घ्यावी लागते. हे बेकायदा नाही! उपाहारगृहांना छापील किमतीचे बंधन नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१७ रोजी दिला. ग्राहक तेथे केवळ वस्तू घेत नाही, तर सेवा आणि वातावरणाचाही लाभ घेतो, हा त्यामागील युक्तिवाद. पंचतारांकित हॉटेलात तो पटतो. येथे मात्र ग्राहक रांगेत ताटकळतो, नंबर पुकारला की ट्रे स्वतःच उचलतो आणि मुलाला कडेवर घेऊन टेबल रिकामे होण्याची वाट पाहतो. यात सेवा कोणती? पाच लाखांपर्यंतच्या दाव्यास जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क नाही. पण दहा रुपयांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी एसटीने खेपा कोण घालणार?