पाहुणा की गिऱ्हाईक?

उरण तालुक्यातील जासई हे एकेकाळी भातखाचरांनी वेढलेले गाव. आज एकीकडे न्हावा-शेवा बंदराकडे धावणारे कंटेनर, दुसरीकडे जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू आणि हाकेच्या अंतरावर डिसेंबर २०२५ पासून प्रवासी वाहतूक सुरू झालेला नवी मुंबईचा विमानतळ, अशा परिघात हे गाव उभे आहे. साहजिकच या परिसरातील मध्यमवर्गीय कुटुंबालाही अंदमानातील बेटावरची सुटी आता स्वप्नवत राहिलेली नाही. कष्टाच्या पैशातून आईवडिलांना आणि मुलाबाळांना निळा समुद्र दाखवावा, यात गैर काहीच नाही. विचार व्हायला हवा तो सुटी घालवण्याच्या रीतीचा.

स्वराज द्वीपाचे उदाहरण घ्यावे. २०१८ पर्यंत हॅवलॉक म्हणून ओळखले जाणारे हे बेट. तेथील रिसॉर्टमध्ये उतरलेल्या कुटुंबाचा दिवस घड्याळाच्या काट्याला बांधलेला असतो. सकाळी कयाक, न्याहारीनंतर पाण्याखालची सफर, दुपारी काचेच्या तळाची बोट, सायंकाळी राधानगर किनाऱ्यावरचा सूर्यास्त आणि रात्री दिव्यांच्या झगमगाटात भोजन. प्रवाळांची ती रंगीत सृष्टी पहिल्यांदा पाहताना कोणाचेही भान हरपावे, हे निःसंशय. तथापि चार दिवस असे गच्च भरून गेल्यावर ज्या बेटावर ते गेले, ते बेट कितीसे पाहिले जाते?

राधानगर, गोविंदनगर, कृष्णनगर, श्यामनगर ही या बेटावरच्या वस्त्यांची नावे. ती कोणी ठेवली, असा प्रश्न किती पर्यटकांना पडतो? फाळणीने ज्यांचे घरदार हिरावून घेतले, त्या पूर्व बंगालमधील निर्वासितांना १९५० च्या दशकात येथे वसवण्यात आले. त्यांनी जंगल तोडून भातखाचरे केली, नारळी-पोफळी लावल्या आणि नव्या वस्त्यांना आपल्या आराध्याची नावे दिली. राधानगरच्या वाळूत छायाचित्र काढून घेणाऱ्याला हे ठाऊक नसेल, तर त्याने किनारा पाहिला, गाव पाहिलेच नाही.

त्यांच्याही आधीचे रहिवासी अंदमानात आहेत. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहांकडे जाणारा रस्ता जारवांच्या राखीव अरण्यातून जातो. तेथे वाहन थांबवण्यास आणि छायाचित्र घेण्यास मनाई आहे. असे असूनही या सहलीवरून परतलेल्यांना पहिला प्रश्न विचारला जातो तो गुहांविषयी नव्हे, तर ‘जारवा दिसले का?’ असा. माणसाला प्रेक्षणीय स्थळ मानणाऱ्या या कुतूहलाला पर्यटन कसे म्हणावे?

ही वेदना जासईला सांगावी लागत नाही. अंदमानातले निर्वासित आपली भूमी सोडून आले. जासईचा शेतकरी जागेवरच राहिला, पण त्याच्या पायाखालची शेती गेली. सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी पोलिसांच्या गोळीबारात ५ जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातूनच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याचे तत्त्व पुढे आले. विकासाला तेव्हाही विरोध नव्हता. ज्याच्या भूमीवर विकास होतो त्याचा त्यात वाटा किती, एवढाच प्रश्न होता. जो प्रश्न जासईने सरकारला विचारला, तोच बेटावर सुटीला जाताना जासईकराने स्वतःला विचारावयास हवा.

यावर कोणी म्हणेल की, रिसॉर्टमुळेच बेटावरच्या तरुणांना रोजगार मिळतो. पर्यटक आलेच नाहीत तर ते खातील काय? आक्षेप रास्त आहे. पर्यटन नको असे म्हणणे अव्यवहार्यच ठरेल. परंतु भूमिपुत्राच्या वाट्याला केवळ सामान उचलण्याचे काम यावे आणि मिळकत मात्र बेटाबाहेर जावी, हा रोजगार अपुरा होय. चारांपैकी एक दिवस वेळापत्रकाबाहेर ठेवावा, गावातल्या खाणावळीत जेवावे, स्थानिक नावाड्याची बोट घ्यावी, एवढे तर प्रत्येक कुटुंबाच्या हाती आहे. प्रवाळावर पाय देऊ नये, त्याचा तुकडा खिशात घालू नये. कायद्यानेही त्याला संरक्षण आहे. आणि पोर्ट ब्लेअरच्या, म्हणजे आजच्या श्री विजयपुरमच्या सेल्युलर जेलला दोन बोटींच्या मधला अर्धा तास देऊ नये. सात बाजूंच्या त्या कारागृहाच्या आज तीनच बाजू उभ्या आहेत. १९११ मध्ये स्वातंत्र्यवीर सावरकरांना जेथे आणले गेले, तेथे मुलांना कोठडीसमोर थोडा वेळ शांत उभे राहू द्यावे.

या रीतीचा सराव करण्यासाठी अंदमानपर्यंतही जावे लागत नाही. उरणच्या किनाऱ्यासमोरच घारापुरी आहे. १९८७ मध्ये तेथील लेण्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. मात्र शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या तिथल्या तीन वस्त्यांना समुद्राखालून वीज पोहोचायला २०१८ साल उजाडले. जगभरचे पर्यटक दिवसा येत राहिले आणि शेवटची बोट गेल्यावर गाव अंधारात राहिले. त्रिमूर्तीपुढे नतमस्तक होऊन परतणाऱ्या किती जणांनी त्या वस्त्यांची वाट विचारली असेल?

अतिथीला देव मानण्याची शिकवण यजमानासाठी आहे, असेच सहसा समजले जाते. परंतु अतिथीचाही एक धर्म असतो. ज्याच्या अंगणात उतरलो, त्याचे नाव-गाव विचारावे, त्याच्या चुलीचा मान राखावा आणि निघताना अंगण होते तसेच ठेवावे. जासईच्या अंगणातून आता विमाने उडू लागली आहेत. त्यातून बेटांकडे जाणाऱ्यांनी हा धर्म सोबत नेला, तर तिथला यजमानही त्यांना गिऱ्हाईक न समजता पाहुणा म्हणेल.